अर्बाबच्या आईचा दगड

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की, मला कुणी मीठ कुठे ठेवलंय असं विचारलं तरी मी दोन वाक्यांत इजिप्तला पोहोचते. हे साफ खोटं आहे. मला किमान चार वाक्यं लागतात.

दोष माझ्या कामाचा आहे. ओमानमध्ये सोहारला क्रेन भाड्याने देणारी एक छोटी कंपनी आहे, तिथे मी गेली अठरा वर्षं लिफ्ट प्लॅन काढते. अमुक टनांचा बॉयलर तमुक जागी उचलून ठेवायचा, तर क्रेन कुठे उभी करायची, तिच्या पायांखाली लाकडं किती घालायची, तार किती जाड घ्यायची, वारा सुटला तर काम कधी थांबवायचं, हे सगळं आधी कागदावर मांडायचं. माझी सही झाल्याशिवाय हुक हलत नाही. आता इतकी वर्षं हे केल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाला प्रश्न पडणारच की, क्रेन नव्हती तेव्हा लोक काय करत होते? मला तो पडला आणि तिथेच मी कामातून गेले.

तेव्हापासून डब्याच्या वेळी माझ्याजवळ बसायला कुणी धजत नाही. बसलंच तर त्याला ते चित्र ऐकावं लागतं. इजिप्तमधल्या एका थडग्याच्या भिंतीवर ते रंगवलेलं होतं. एक अगडबंब पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधलाय, गाडीला चाकं नाहीत, आणि दोर ओढणारी माणसं रांगांमागून रांगा. गाडीच्या पुढ्यात एक जण वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं लोकांना वाटायचं, ही काहीतरी पूजा असावी. पूजा कसली डोंबलाची! कोरड्या वाळूत ओझ्यापुढे ढीग साचतो, आणि वाळू बेताची ओली असली की ओझं सरकतं, इतकं ते साधं आहे. शिवाय पुतळ्याच्या मांडीवर उभा राहून एक जण टाळ्या वाजवतोय, म्हणजे सगळ्यांनी एकदम ओढावं. हा टाळ्यावाला मला फार आवडतो. नवरा म्हणतो, आवडणारच, तो तूच आहेस.

नवरा हॉटेलच्या किचनमध्ये आहे. आम्ही दोघंही वसईचे. तो कमी बोलतो, पण जिथे लागायचं तिथेच बोलतो.

आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, एका सोमवारी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. तो कधी बसत नाही. उभ्याउभ्या यल्ला, म्हणजे चला, म्हणतो आणि जातो. त्या दिवशी तो बसला आणि हिंदीत आपल्या आईबद्दल बोलायला लागला.

त्याच्या आईचं घर खाबुऱ्याला, खजुराच्या बागेत. चार महिन्यांपूर्वी घराची दुरुस्ती काढली म्हणून त्याने तिला मस्कतला, कुरुममधल्या आपल्या बंगल्यावर नेलं. आता दुरुस्ती संपली होती आणि म्हातारीने परत जायचा धोशा लावला होता. भावंडांचं मत वेगळं. त्यांचं म्हणणं, आईचं वय झालं, आता खाबुऱ्याचं घर बंद करावं. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं ते असं: येत्या शुक्रवारी सगळे मिळून आईला घेऊन बागेत जातील. शेजारी भाची राहते, ती जेवणखाण बघेल, पण आईची उठबस आईला स्वतःला जमली पाहिजे. जमली तर राहू दे. नाही जमली तर त्याच संध्याकाळी मस्कत, आणि घराला कुलूप.

यात क्रेनचा काय संबंध, असं मी विचारणार होते, तेवढ्यात तो दगडावर आला. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एक दगड होता. पन्नास वर्षं म्हातारी त्यावर बसत आली. दुरुस्तीच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरच्या शॉवेल मशीनने तो अडगळ म्हणून ढकलत बागेच्या पार टोकाला नेला. आणि ज्या वाटेने नेला तिथे आता पाहुण्यांची नवी खोली उभी होती. म्हातारीने फोनवर सांगितलं होतं, दगड जागेवर नसेल तर मी येऊन काय करू?

“सोफा है उधर, महंगावाला,” अर्बाब कळवळून म्हणाला. “उसमें बैठती है तो बोलती है, मुझे पत्थर दो.”

मला अगदी भरून आलं. म्हातारा नवरा, तरुणपण, तिन्हीसांजेचा चहा, हे सगळं त्या दगडाशी जोडलेलं असणार, अशी एक अख्खी कादंबरी मी जागच्या जागी रचली. म्हाताऱ्या माणसांचं मला फार कळतं, असा माझा समज होता. नुकतंच नाताळला मी माझ्या आईला वसईला मागे रेलणारी, पाय वर येणारी मऊ खुर्ची पाठवली होती. आईने तीत बसून काढलेला फोटो मी फोनवर सगळ्यांना दाखवत सुटले होते.

दगड बघायला मी मंगळवारी गेले. टनभराचा असेल. क्रेनचं नाव काढायला नको, कारण खजुराची झाडं दाटीने उभी, वरून विजेच्या तारा, आणि एकाही झाडाला हात लावायचा नाही अशी म्हातारीची ताकीद. दोन झाडांमधून फोर्कलिफ्ट जाईना आणि गेला असता तर भुसभुशीत वाळूत रुतला असता. अर्बाब माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि माझ्या तोंडून अठरा वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य बाहेर पडलं. मी म्हणाले, इजिप्तवाल्यांसारखं नेऊ.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कांदा चिरत होता. तो म्हणाला, “शेवटी गाठलंसच.”

माणसं सोहारच्या आमच्या मराठी मंडळातून जमवली. मंडळ म्हणजे स्टीलवाले, ॲल्युमिनियमवाले आणि बंदरावरचे, सगळे इंजिनिअर. दोरखंड खाबुऱ्याच्या बाजारातल्या चाचांकडून घेतले. चाचा रत्नागिरीकडचे, किनाऱ्यावरच्या गावचे. चाळीस वर्षं तिथे जाळी आणि दोर विकतायत. कशाला हवेत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना ते चित्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी पण येतो, दोर कापला गेला तर बघायला कुणीतरी पायजे.

शुक्रवारची मिसा चुकवून आम्ही सकाळी सातला बागेत हजर झालो. कामाला लागायला साडेनऊ वाजले. मधल्या वेळात आम्ही काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आमच्यातल्या सेफ्टीवाल्याने टूलबॉक्स टॉक घेतला, म्हणजे कामाआधी सुरक्षेचं प्रवचन दिलं. सगळ्यांनी सही केली. स्टीलवाल्याने धोक्यांची यादी काढली, त्यात विंचू होता, ऊन होतं आणि मी होते. मग ॲल्युमिनियमवाल्याने इजिप्तमधल्या टोळ्यांसारखी आपल्या टोळीलाही नाव हवं असं सुचवलं. ही माहिती माझीच. तिथले मजूर आपल्या टोळीचं नाव दगडावर रंगवत, आणि एका टोळीने तर राजाचे बेवडे असं काहीसं नाव घेतलं होतं. नावावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि उपसमिती नेमायची का, इथवर आली. चाचा तोवर पाण्याच्या पाटात पाय सोडून बसले होते.

दगड गाडीवर चढवणं मात्र झकास झालं. गाडी मी कंपनीतल्या जाड लाकडांची जोडून आणली होती, क्रेनच्या पायांखाली घालतो तीच. लोखंडी पाइप दगडाखाली घालून बोटभर उचलायचा, खाली फळी सारायची, दुसऱ्या बाजूने बोटभर उचलायचा, परत फळी. असं करत दगड वर आला आणि गाडी त्याच्याखाली गेली. इजिप्तवाल्यांनी पण तरफ वापरलीच असणार, असं मी म्हणाले. कुणी हो म्हटलं नाही.

पुढे ओढायचं होतं. आणि इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रेनच्या कामात नियम आहे की, इशारा एकाचाच. बाकी सगळ्यांनी तोंड मिटून हात चालवायचे. आमच्याकडचा प्रत्येक जण आपापल्या कंपनीत तो इशारा देणारा माणूस होता. दोर हातात घ्यायला कुणी तयार नव्हतं. एक जण फोटो काढत होता, कारण रिपोर्टला लागतील. एक जण उतार बघत होता. दोघे दगडाच्या दोन्ही बाजूंना हात वर करून उभे होते, जणू वरून क्रेन येणार होती. चित्रात ओढणारे दीडशेच्या वर आणि टाळ्या वाजवणारा एक होता. आमच्याकडे दोराला माझा नवरा, बागेतले दोन कामगार आणि घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, म्हणजे दिशदाशा, गुडघ्यापर्यंत खोचलेला अर्बाब, आणि टाळ्या वाजवायला आठ जण.

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की सोहारमध्ये साठ टनांच्या क्रेन थांबतात. सगळे मुकाट दोराला लागले. मी म्हणाले, एक-दोन-तीनला ओढायचं. ओढलं. निम्म्यांनी तीन म्हणताना ओढलं, निम्म्यांनी तीन म्हणून झाल्यावर. दगड तसूभर हलला नाही, दोन इंजिनिअर मात्र आडवे झाले. यावर तीनवर की तीननंतर, असा वाद पेटला. प्रत्येकाच्या कंपनीची पद्धत वेगळी. मी इथे लिहून ठेवते की, तीनवर हेच बरोबर आहे.

त्यात पाण्याने घोळ घातला. पाणी ओतायचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं, कारण चित्रातला तो माणूस मला माहीत होता. मी पाइप धरला आणि दिलं सोडून. पाच मिनिटांत गाडीपुढे चिखल झाला आणि गाडीचं नाक त्यात रुतलं. ॲल्युमिनियमवाला म्हणाला, ओलाव्याचं प्रमाण काढायला हवं, आणि चहाचा पेला घेऊन वाळू मोजायला बसला. सव्वादहा वाजले होते. म्हातारीची गाडी असरच्या नमाजानंतर, चारच्या सुमाराला येणार होती. दुपारभर पुरतील इतके तास हातात होते, पण मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायला लागले. चिखलाने भरलेली दिशदाशा घेऊन अर्बाब नवीन खोलीच्या पायरीवर बसला होता आणि मला पहिल्यांदाच तो मालक नाही, कुणाचा तरी मुलगा दिसला.

चाचा पाटातून उठले. त्यांनी चिखलात बोट घातलं, बाजूची कोरडी वाळू घेतली, त्यात थोडं पाणी शिंपडलं आणि मुठीत दाबली.

“पोरी,” ते मला म्हणाले, “लाडू वळतंस ना? लाडू वळला पायजे, नि हाताला लागता नये. आमी होड्या वडल्या त्या काय तुज्या इजिप्तला विचारून?”

मग त्यांनी इंजिनिअरांना उंचीप्रमाणे लावलं. टूलबॉक्स टॉक घेतला नाही. गाडीवर चढून दगडाला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या गावाला होडी किनाऱ्यावर ओढताना घालतात तसली लांबलचक हाळी घातली. तिच्यात एक नाही, दोन नाही, तीन नाही. आवाज चढत चढत जातो आणि जिथे तुटतो तिथे अंग आपोआप मागे जातं. गाडी हलली. पहिल्या वेळी हातभर. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि चाचांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की परत कुणी हात दोरावरून काढला नाही. मी झारीने पाणी शिंपडत पुढे पुढे चालले, लाडवाइतकं, आणि मागून दगड येत होता. मला इतका आनंद झाला की मी रडले. नवऱ्याला ऊन लागलं असं सांगितलं.

एक वाजता दगड स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचला. इथवर चाचांचं राज्य होतं. आता परत माझं सुरू झालं.

जुन्या जागी जमिनीत दगडाची एक चपटी कपची रुतलेली होती. आम्ही ती उकरून काढली, जागा साफ केली, वाळू चोपली. इजिप्तवाल्यांचं सगळं कसब पाया घालण्यात, हे माझं आवडतं वाक्य मी पुन्हा एकदा ऐकवलं. तीन पट्ट्या जोडून त्यांच्यासारखा ओळंब्याचा त्रिकोण मी घरून करून आणला होता. दगड बसवला आणि त्रिकोण त्यावर ठेवला. ओळंबा रेघेला सोडून किंचित बाजूला. पाइप घातला, वाळू सारली, परत पाहिलं. असं अकरा वेळा. शेवटी ओळंबा रेघेवर थांबला. आडवा लावला, रेघेवर. उभा लावला, रेघेवर. त्या दगडावर गोटी ठेवली असती तर ती तिथेच म्हातारी झाली असती. मी कागद काढला, दगड जागेवर बसवला असं लिहिलं आणि सही ठोकली.

नवऱ्याने आणलेल्या बिर्याणीवर सगळे तुटून पडले. टोळीचं नाव तेव्हा ठरलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चारनंतर दोन गाड्या आल्या. पहिलीतून अर्बाबच्या तिघी बहिणी आणि भाऊ उतरले. दुसरीतून म्हातारी. लहानखुरी, काठी टेकत, कुणाचाही हात न धरता ती घराला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आली. दगड बघून थांबली. हाताने चाचपला. मग काठी भिंतीला लावून बसली. आम्ही सगळे ओळीत उभे होतो. तिने आमच्याकडे बघून मान हलवली, भाचीने आणलेला काहवा घेतला, खजूर खाल्ला, आणि पेला बाजूला ठेवून उठायला गेली.

तिला उठता येईना.

दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तिने पुन्हा जोर केला. अर्ध्यात येऊन ती परत बसली. एक मुलगी पुढे झाली, तिला म्हातारीने हातानेच थांबवलं. भावाने दुसऱ्या बहिणीकडे पाहिलं आणि त्या बघण्याचा अर्थ कळायला मला अरबी येण्याची गरज नव्हती. अर्बाब खाली बघत होता.

म्हातारी मात्र खाली, दगडाकडे बघत होती. तिने तळहात दगडावर सपाट ठेवला, इकडून तिकडे फिरवला, आणि चाचांना काहीतरी विचारलं. चाचांनी ऐकलं आणि वळून माझ्याकडे बघितलं.

“विचारतेय, ह्याला सरळ कोणी केला?”

आठही इंजिनिअरांनी एकदम, अगदी तीनवर, माझ्याकडे बोट दाखवलं.

मग चाचा तिच्याशी बोलले आणि आम्हाला उलगडा झाला. दगड आधी पुढे कलता होता. खूप वर्षांपूर्वी, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा, तिनेच तो नवऱ्याकडून पहारीने मागच्या बाजूने उचलून घेतला होता आणि खाली कपची घातली होती. कलत्या दगडावर बसलं की वजन पुढे येतं, पाय जमिनीवर राहतात आणि माणूस आपलं आपण उठतं. मस्कतच्या सोफ्यात ती रुतायची आणि दर वेळी उठायला कुणाला तरी हाक मारावी लागायची. तिला आठवणीबिठवणी काही नको होत्या. तिला उठायचं होतं.

ज्या कपचीवर सगळं उभं होतं, ती मी सकाळी, माफ करा, दुपारी एक वाजता कचरा म्हणून काढून टाकली होती. आता ती सापडेना. अकरा माणसं वाळूत ओणवी झाली. सेफ्टीवाल्याने बागेच्या टोकापर्यंत जाऊन बघितलं. शेवटी नवरा म्हणाला, चपटी होती का, आणि बिर्याणीच्या पातेल्याच्या झाकणावरून, वाफ जाऊ नये म्हणून ठेवलेली ती कपची त्याने उचलून आणली. तिला केवड्याचा वास येत होता.

पाइप घातला. इशारा चाचांनी दिला. मागची बाजू दोन बोटं वर आली आणि मी कपची आत सारली. त्रिकोण लावला नाही.

म्हातारी परत बसली. आता तिला कुणी बघू नये असं मला वाटत होतं, पण सगळेच बघत होते. तिने पाय घट्ट रोवले, थोडी पुढे झुकली आणि उठली. काठी न घेता. परत बसली. परत उठली. तिसऱ्यांदा तर आम्हाला दाखवायला उठली, हे तिच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं. मग मुलांकडे वळून एकच शब्द म्हणाली, “खलास.”

सहा वाजेपर्यंत मस्कतच्या दोन्ही गाड्या तिच्याशिवाय परत गेल्या.

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी वसईला फोन लावला. आईला काय विचारायचं ते मला माहीत होतं आणि उत्तर ऐकायची इच्छा नव्हती. तरी विचारलं, “आई, त्या खुर्चीतून तुला उठता येतं का गं?”

आई म्हणाली, “तीत मांजर बसते. फोटोपुरती मी बसले होते, शेजारच्या दोघींनी येऊन काढलं बाहेर.”

“मग तू बसतेस कुठे?”

“दारातल्या पायरीवर. नेहमीसारखी.”

आमच्या दारातली ती पायरी मला आठवली. बाबांनी स्वतः घातलेली, तेव्हापासून पुढे झुकलेली. पुढच्या सुट्टीत गवंडी बोलावून सरळ करून घ्यायची, असं मी यादीत लिहून ठेवलं होतं.

“आई, ती पायरी वाकडी आहे ना?”

“आहे,” आई म्हणाली. “आणि तू तिला हात लावायचा नाहीस.”